काचेपलीकडचा शेजारी: बेडकाला नेमकं काय दिसतं?

आजचा एपिसोड एका रीलपासून सुरू करूया. तुमच्याही फीडवर असलं काहीतरी येऊन गेलं असेल. टेबलावर शेजारी शेजारी दोन काचेच्या टाक्या. एकीत पाळलेला बेडूक, दुसरीत छोटे मासे. मासा काचेजवळून गेला की बेडूक अंग वळवतो, टक लावून बघतो आणि धाडकन काचेवर तोंड आपटतो. खाली कमेंट्स काय? 'बेस्ट फ्रेंड्स!' 'जळतोय बिचारा!'

पण बेडूक खरंच काय बघतोय? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता, आणि त्याचं उत्तर शोधण्यात विसाव्या शतकातली कित्येक वर्षं गेली.

पहिला थांबा, १९४० चं दशक, अमेरिका. रॉजर स्पेरी नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने बेडकांच्या डोळ्याची नस कापली आणि डोळा खोबणीतच उलटा फिरवला, पूर्ण १८० अंश. बेडकाची नस पुन्हा वाढते, त्यामुळे दृष्टी परत आली. पण आता माशी वर धरली की बेडूक खाली झेपावायचा, पुढे धरली की मागे वळायचा. दिवस गेले, तरी चूक सुधारली नाही. म्हणजे डोळ्याचं मेंदूशी असलेलं वायरिंग अनुभवाने बनत नाही, ते मुळातच ठरलेलं असतं, असा अर्थ निघाला. स्पेरींना १९८१ मध्ये नोबेल मिळालं, पण ते मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांवरच्या कामासाठी.

दुसरा थांबा, १९५९, एमआयटी. जेरोम लेटविन, चिलीहून आलेले हुम्बेर्तो मातुराना, वॉरन मॅककलक आणि वॉल्टर पिट्स या चौघांचा एक शोधनिबंध आला. शीर्षकाचा अर्थ साधारण असा: बेडकाचा डोळा बेडकाच्या मेंदूला काय सांगतो. तोवर बहुतेकांची समजूत अशी होती की डोळा म्हणजे कॅमेरा. तो चित्र पाठवतो, अर्थ मेंदू लावतो. या चौघांनी बेडकासमोर त्याच्या परिसराचा मोठा रंगीत फोटो ठेवला आणि डोळ्याच्या नसेतले विजेचे संदेश मोजले. फोटो हलवला, तर नसेतले काही तंतू गप्पच! पण फोटोवरून माशीएवढा काळा ठिपका सरकला की तेच तंतू जोरात बोलायला लागले. ठिपका फोटोला चिकटवून दोन्ही एकत्र हलवले, तर पुन्हा शांतता. थोडक्यात काय, डोळा बातम्या आधीच निवडतो आणि मगच मेंदूकडे पाठवतो.

तिसरा थांबा जर्मनी, आणि इथे गोष्ट थेट आपल्या टाकीपाशी येते. १९६० च्या दशकापासून योर्ग-पेटर एव्हर्ट यांनी टोडवर, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकावर, प्रयोग केले. टोड काचेच्या भांड्यात, आणि काचेबाहेर फिरणारी पुठ्ठ्याची छोटी पट्टी. पट्टी आडवी, लांबीच्या दिशेने सरकली की टोडच्या लेखी ती अळी: तो वळायचा, झडप घालायचा. तीच पट्टी उभी धरून तशीच सरकवली की त्याला तिच्यात खाऊ दिसेना. आणि मोठी आकृती समोर आली की टोड दबून बसायचा, नाहीतर मागे सरायचा.

आता रील परत बघा. आडवा, छोटा, सरकणारा मासा. काचेला वास नाही, चव नाही. बेडकापर्यंत पोचते ती फक्त हालचाल. त्यामुळे 'फ्रेंड' वगैरे काही नाही, ते जेवण आहे. आणि शेजारच्या टाकीत साप असेल तर? साप दिसला की टोड अंग फुगवतो, पाय ताठ करून उंच होतो. आपल्याला तो 'अ‍ॅटिट्यूड' वाटतो, पण ती भीती असते. जंगलात तो उडी मारून निसटला असता. टाकीत जाणार कुठे?

म्हणजे बेडूक निव्वळ मशीन आहे का? तसंही नाही. वाटेतला स्थिर अडथळा तो वळसा घालून चुकवतो. १९११ मध्येच एसा शेफर यांनी दाखवलं होतं की केसाळ सुरवंट तोंडात घेऊन पस्तावलेला बेडूक मोजक्याच प्रयत्नांत ते टाळायला शिकतो. एव्हर्ट यांच्या टोडसुद्धा तीच नकली पट्टी पुन्हा पुन्हा आली की कंटाळून वळायचं थांबवायचे.

आपण कुणाला 'कूपमंडूक' म्हणतो तेव्हा टोमणा मारतो, की याचं जग विहिरीएवढंच. पण बेडकाचं जग विहिरीमुळे नाही, त्याच्या डोळ्यामुळे तसं आहे, आणि त्या डोळ्याने त्याला लाखो वर्षं जगवलंय. हे आपल्याला कळावं म्हणून प्रयोगशाळेत किती बेडकांचे डोळे आणि जीव गेले, तेही विसरू नका.

मग करायचं काय? कुणाच्या घरी अशा टाक्या असतील तर दोन काचांच्या मध्ये एक जाड कागद लावायला सांगा. दहा रुपयांचं काम आहे. रील बनणार नाही, पण बेडकाचं तोंड फुटणार नाही आणि दिवसरात्र साप समोर दिसणार नाही.

भेटूया पुढच्या एपिसोडला. तोवर ऐकत राहा!