अफूची किल्ली

पिंपरीच्या माळावर १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन हें नांव आम्हां चिंचवडकरांच्या घरोघरीं पोंचलें. त्याचें काम समजावयास सोपें. तें जंतूला आपली भिंत बांधूं देत नाहीं व जंतु मरतो. परंतु आज ज्या औषधाचा इतिहास सांगावयाचा आहे, तें कोणासही मारीत नाहीं. तें आपल्याच देहांतील एक कुलूप उघडतें. तें म्हणजे अफूचें सत्त्व, मॉर्फिन.

अफूशीं आपला संबंध जुना आहे. शिंदे-होळकरांच्या माळव्यांतील अफू मुंबई बंदरांतून चीनकडे जात असे. कंपनी सरकारनें १८३० च्या सुमारास तिच्यावर परवान्याची पट्टी बसविली. ती चुकविणारा माल पोर्तुगीजांच्या दमणमार्गें निघे. या व्यापारांत धनाढ्य झालेल्या सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीच्या आधारें १८४५ सालीं मुंबईंत मोठें रुग्णालय उघडलें. एका देशाला व्यसनांत लोटणाऱ्या पैशानें दुसरीकडे दुखणाइतांची सेवा घडली! अफूचा हा दुहेरी स्वभाव तिच्या रेणूंतही आहे.

जर्मनींतील सेर्ट्यूर्नर या तरुण औषधकारानें १८०५ च्या सुमारास अफूंतून मॉर्फिन वेगळें केलें. पण तें देहांत नेमकें कोठें लागू पडतें, हें उमगावयास दीडशें वर्षांहून अधिक काळ गेला. १९७३ सालीं बाल्टिमोर येथें कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनीं, तसेंच न्यूयॉर्क व उप्साला येथील संशोधकांनीं, मेंदूंत अफूचीं ग्राहकें असल्याचें दाखविलें. मग प्रश्न उभा राहिला: मनुष्याच्या मस्तकांत खसखशीच्या झाडासाठीं कुलूप कशाला? उत्तर १९७५ सालीं मिळालें. ॲबरडीन येथें ह्यूज व कोस्टर्लिट्झ यांनीं डुकराच्या मेंदूंतून एन्केफालिन हें द्रव्य काढलें. म्हणजे देह आपली किल्ली स्वतःच घडवितो. अफू ही तिची बनावट नक्कल.

या कुलुपाची घडण २०१२ सालीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें दिसली, आणि २०१५ सालीं तें उघडलेल्या स्थितींतही पाहावयास मिळालें. पेशीच्या आवरणांतून सात वेळां आरपार गेलेली प्रथिनाची ही एक साखळी. जणूं सात मळसूत्री खांब. त्यांच्यामध्यें बाहेरच्या बाजूस एक खोल खांच आहे. मॉर्फिनमधील धनभारित नायट्रोजन त्या खांचेंतील ऋणभारित ॲस्पार्टेटास बिलगतो. त्यासरशीं आंतील सांधे सरकतात व सहाव्या खांबाचें आंतलें टोक सुमारें १० अँग्स्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटराच्या दहा लक्षाव्या भागाइतकें, बाहेर झुकतें. त्या फटींत जी-प्रथिन शिरून जागृत होतें. मज्जातंतूंतील कॅल्शियमचे दरवाजे मिटतात, पोटॅशियमचे उघडतात, आणि वेदनेचा निरोप मंदावतो. श्वास चालविणाऱ्या केंद्रांतही हेंच कुलूप आहे. मात्रा चुकली कीं श्वास मंदावतो तो यामुळें. नॅलॉक्सोन हें औषध त्याच खांचेंत बसतें, पण खांब हलवीत नाहीं. तें मॉर्फिनची जागा अडवितें, आणि म्हणून प्राण वांचवितें.

माझे थोरले बंधु चाकणच्या एका कारखान्यांत फिटर होते. कर्करोगाच्या अखेरच्या दिवसांत डॉक्टरांनीं मॉर्फिन सुचविलें, तेव्हां घरांत मींच आडवा आलों. "अफू नको, संवय लागेल," असें मी म्हणालों. तीन आठवडे ते रात्रभर विव्हळत होते. शेवटीं गोळ्या सुरू झाल्या आणि ते शांत निजले. सकाळीं मला म्हणाले, "अरे मास्तर, किल्ली होती तर इतके दिवस खिशांत कां ठेवलीस?" माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

हें भय माझ्या एकट्याचें नव्हतें. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळामुळें देशांत औषधी मॉर्फिनचा वापर अतिशय घटला. २०१४ सालीं संसदेनें दुरुस्ती करून वाट सुलभ केली. माळव्यांत नीमच-मंदसोरकडे आजही परवान्यानें अफू पिकते. व्यसनाचें भय खोटें नाहीं; पण जाणत्या डॉक्टरांनीं मोजून दिलेली मात्रा आणि व्यसन यांतील भेद न ओळखणें, ही चूक आहे. मीं ती केली. आपल्या घरीं तसा प्रसंग आला, तर ती आपण करूं नये, एवढीच विनंति.