अरुंद रुळांची घाटवाट
पनवेलजवळील नेरे गावावरून धोदाणीकडे जाताना समोर उभा ठाकणारा माथेरानचा डोंगर, ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी 1850 साली सरकारच्या नजरेस आणल्यानंतरही, अर्धशतकाहून अधिक काळ पायी, घोड्यावरून अथवा पालखीतूनच चढावा लागे. पुढे आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यातील अब्दुल हुसेन यांनी 1904 साली पलीकडच्या अंगाने, नेरळहून, लोहमार्गाचे काम आरंभिले, तेव्हा मुख्य मार्गाची साडेपाच फुटांची रुंदी सोडून रुळांतील अंतर अवघे 2 फूट ठेविले गेले. कारण कड्याच्या कुशीतील तीव्र वळणे रुंद गाडीस मानवणारी नव्हती. 20 फुटांस 1 फूट असा चढ चढणाऱ्या जर्मन इंजिनांचे टोकांकडील आंसही वळणावर किंचित बाजूस सरकत. 1907 साली सुरू झालेल्या या मार्गाने एवढे सिद्ध केले की, डोंगरापुढे ऐसपैसपणा नव्हे, आटोपशीरपणाच कामी येतो.