हिवाळ्यातले गवत : गोल्फच्या मैदानाची राखण करणाऱ्यांचा इतिहास

#थ्रेड

१/
गोल्फ म्हटले की डोळ्यांसमोर ऊन, निळे आकाश आणि कातरलेली हिरवळ येते. मात्र ज्या स्कॉटलंडमध्ये हा खेळ रुजला, तिथे तो कित्येक शतके प्रामुख्याने हिवाळ्यात खेळला जाई. उन्हाळ्याचा खेळ तो फार उशिरा झाला. हा बदल का झाला आणि त्यासाठी थंडीत कोण राबले, याची ही कथा.

२/
स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगत समुद्र आणि शेती यांच्यामध्ये वाळूच्या टेकाडांचा पट्टा असतो. त्याला 'लिंक्स' म्हणतात. नांगरटीला ही जमीन निरुपयोगी. पण वाळूमुळे पाणी चटकन झिरपते आणि समुद्र जवळ असल्याने थंडी थोडी सौम्य राहते. आतल्या भागातली चिकणमाती चिखलाने भरलेली असताना इथे माणूस कोरड्या पायांनी चालू शकतो.

३/
उन्हाळ्यात मात्र गवत गुडघ्याला लागे आणि त्यात चेंडू हरवे. गवत कापण्याचे यंत्र अजून यायचे होते. थंडीत वाढ थांबे, मेंढ्या आणि ससे उरलेले खुरटून टाकत आणि मैदान खेळण्याजोगे होई. राजा जेम्स चौथा बॉथवेलच्या अर्लबरोबर गोल्फ खेळला, त्यासाठी दिलेल्या नाण्यांची नोंद राजकोषाच्या हिशेबात आहे. ती नोंद १५०४ च्या फेब्रुवारीतली आहे, हा योगायोग नव्हे.

४/
म्हणजे त्या काळी मैदानाची 'देखभाल' जनावरे आणि ऋतू करत. सेंट अँड्र्यूजची लिंक्स तर गावाची सामाईक जमीन होती. १५५२ च्या सनदेत नागरिकांचा तिथे खेळण्याचा हक्क नोंदलेला आहे आणि त्याच सनदेत ससे पाळण्याचाही उल्लेख आहे. पुढे सशांच्या व्यापाऱ्यांना जमीन भाड्याने दिली गेली, बिळांनी मैदान पोखरले आणि खेळाडू व व्यापारी यांच्यात वर्षानुवर्षे कज्जे चालले.

५/
एकोणिसाव्या शतकात तीन गोष्टींनी चित्र पालटले.
▪️ १८३० : एडविन बडिंग याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले.
▪️ १८४८ च्या सुमारास : पिसे भरलेल्या महागड्या चामडी चेंडूऐवजी गटापर्चा या झाडाच्या चिकाचा स्वस्त चेंडू आला.
▪️ १८५२ : सेंट अँड्र्यूजला रेल्वे पोहोचली.
खेळ स्वस्त झाला, गर्दी वाढली, उन्हाळाही खुला झाला. आता गवताला विसावा असा उरलाच नाही.

६/
गटापर्चाच्या चेंडूची एक खोड होती. कडाक्याच्या थंडीत तो ठिसूळ होऊन फुटे. त्यासाठी नियमच होता : सर्वांत मोठा तुकडा जिथे पडेल, तिथून नव्या चेंडूने पुढे खेळावे!

७/
१८६४ मध्ये रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबने टॉम मॉरिस (१८२१–१९०८) यांना प्रेस्टविकहून त्यांच्या जन्मगावी, सेंट अँड्र्यूजला परत बोलावले. पगार वर्षाला ५० पौंड. देखभालीच्या खर्चासाठी आणखी २० पौंड आणि जड कामाला आठवड्यातून दोन दिवस एक मजूर. अधिकाराची चिन्हे म्हणून हाती काय आले? एक हातगाडी, एक कुदळ आणि एक फावडे. ब्रिटिश ओपन स्पर्धा चार वेळा जिंकणाऱ्या माणसाचा हा सरंजाम!

८/
टॉमचे मोठे अस्त्र म्हणजे वाळू. आख्यायिका अशी, की प्रेस्टविकला वाळूची गाडी चुकून हिरवळीवर लवंडली आणि काही काळाने तिथलेच गवत सर्वांत दाट उगवले. कथा खरी असो वा नसो, तत्त्व पक्के आहे. वाळूचा पातळ थर खळगे भरतो, पाणी साचू देत नाही, मेलेल्या गवताचा थर विरळ करतो. ओल कमी झाली की थंडीतली बुरशीही आटोक्यात राहते. सेंट अँड्र्यूजलाही टॉमचा मदतनीस हनीमन याच्या मागे 'अजून वाळू टाक' हा एकच धोशा असे.

९/
दुसरे अस्त्र म्हणजे विश्रांती. रविवारी खेळ बंद ठेवण्याबाबत टॉम ठाम होता. त्याच्या लेखी, माणसाला विसावा नको असला तरी मैदानाला तो हवा होता. शिवाय ओल्ड कोर्सवर फेरीची दिशा आलटून पालटून बदलत, म्हणजे त्याच जागी पुन्हा पुन्हा घाव बसत नसत. ओल्ड कोर्स आजही एरवी रविवारी खेळासाठी बंद असतो आणि गावकरी तिथे फिरायला येतात.

१०/
आता १८७५ चा हिवाळा. टॉमचा मुलगा टॉमी वयाच्या चोविसाव्या वर्षीच चार ओपन जिंकून बसला होता. सप्टेंबरमध्ये त्याची पत्नी बाळंतपणात गेली. मूलही वाचले नाही. थंडी पडल्यावर त्याने आर्थर मोल्सवर्थ या खेळाडूचे आव्हान स्वीकारले : सहा दिवसांत बारा फेऱ्या. मध्येच बर्फ पडू लागले. तरीही सामना थांबला नाही. हिरवळींवरचे बर्फ झाडून वाट करून देण्यात आली आणि तो जिंकला.

११/
काही आठवड्यांनी, नाताळच्या सकाळी, टॉमी अंथरुणात मृत आढळला. लोक म्हणाले, दुःखाने गेला. वैद्यकीय कारण फुप्फुसातील रक्तस्राव हे होते. बापाने मात्र काम सोडले नाही. ज्या हिरवळींवर मुलगा शेवटचा खेळला, त्यांवर तो पुढची २८ वर्षे, १९०३ पर्यंत, वाळू पसरत राहिला.

१२/
टॉमने अनुभवाने जाणले, त्याचे शास्त्र नंतर घडले. दहिवर पडलेल्या गवताच्या पेशींतले पाणी गोठलेले असते. त्यावर पाय पडला की पेशी फुटतात आणि काही काळाने काळपट पाऊलखुणा उमटतात. वरचा थर वितळून खालचा गोठलेला असेल, तर मुळेच तुटतात. म्हणून अशा सकाळी खेळाडूंना थांबवणे हेच ग्रीनकीपरचे पहिले काम.

१३/
१९२९ मध्ये यॉर्कशायरमधील बिंगली येथे खास गोल्फच्या गवतावर संशोधन करणारी संस्था उभी राहिली. थंडीतल्या बुरशीवर एकेकाळी पाऱ्याची संयुगे फवारत. गवत वाचे, पण विष मातीत उरे. पुढे ती बंद झाली आणि पाण्याचा निचरा, हवा व वाळू या जुन्या उपायांचे मोल पुन्हा वाढले.

१४/
आज चक्र उलटे फिरले आहे. खेळाचा मुख्य हंगाम उन्हाळा आणि दुरुस्तीचा हंगाम हिवाळा. ओल्ड कोर्सवरील ११२ बंकरांपैकी ढासळलेल्यांच्या भिंती याच काळात गवताच्या चौकोनी ढेपा एकावर एक रचून नव्याने बांधतात. तिथे डिसेंबरात उजेड जेमतेम सात तास. त्यामुळे दिवसाचा पहिला प्रकाश कामगारांच्या वाट्याला येतो.

१५/
इतिहासात विजेत्यांची नावे चषकांवर कोरली जातात; जमीन राखणाऱ्यांची क्वचितच. टॉम मॉरिस हा अपवाद ठरला, कारण तो दोन्ही होता. त्याच्यासोबत आठवड्यातून दोन दिवस वाळू ओढणारा तो मजूर कोण होता, हे चषक सांगत नाहीत. पुढच्या वेळी टीव्हीवर ती गुळगुळीत हिरवळ दिसली, की तिच्याखालचा वाळूचा थर आठवावा. तो कोणीतरी थंडीत पसरलेला असतो.