शाळा, अंकलिपी आणि रणांगण : सोव्हिएत साहित्यातील बालसैनिक

युद्धविषयक बालसाहित्याची चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी घोटाळते : हे साहित्य मुलांच्या मनात शौर्याची ओढ निर्माण करते, की युद्धाविषयी तिटकारा? प्रश्न असा मांडला की कृतींचे मूल्यमापन वाचनाआधीच ठरून जाते आणि त्यांच्या रूपबंधाकडे पाहण्याचे प्रयोजन उरत नाही. अर्कादी गायदार यांची ‘शाळा’ (१९३०), वालेन्तीन कतायेव यांची ‘रेजिमेंटचा मुलगा’ (१९४५) आणि व्लादिमीर बोगोमोलोव यांची ‘इवान’ (१९५८) या तीन कृती एकापुढे एक ठेवल्या, तर निराळाच धागा हाती लागतो. तिन्हींत युद्धात उतरलेला मुलगा आहे. आणि तिन्हींत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, शाळा आहे. यांपैकी ‘इवान’ प्रौढांच्या वाङ्मयीन नियतकालिकात प्रथम प्रसिद्ध झाली; तथापि आधीच्या दोन बालकादंबऱ्यांनी रूढ केलेल्या संकेतांना दिलेले उत्तर म्हणूनच ती वाचावी लागते.

गायदार (१९०४–१९४१) वयाच्या चौदाव्या वर्षी लाल सैन्यात दाखल झाले आणि १९२१ मध्ये, सतराव्या वर्षी, एका रेजिमेंटचे प्रमुख झाले. १९२४ मध्ये आजारपणामुळे त्यांना सैन्य सोडावे लागले. ‘शाळा’ला आत्मचरित्राचा आधार आहे हे उघड आहे, पण तेवढ्याने तिची घडण स्पष्ट होत नाही. अर्झामासमधील बोरीस गोरिकोव याचे वडील आघाडीवरून पळून आलेले सैनिक आहेत. त्यांना गोळी घातली जाते. त्यांनी दिलेले माउझर पिस्तूल तेवढे मुलापाशी राहते. वर्गातली शाळा सुटते आणि यादवी युद्ध हीच शाळा होते. शीर्षकातील हे रूपक सरळ प्रचारकी वाटण्याचा संभव आहे. कादंबरी मात्र या शाळेतील धडे फार कठोरपणे मांडते.

बोरीसच्या हातून पहिला मृत्यू घडतो तो त्याच्याच वयाच्या एका कॅडेट मुलाचा. त्या मुलाचे कपडे व कागदपत्रे बोरीस जवळ बाळगतो. पुढे पहाऱ्याची जबाबदारी सोडून तो नदीवर आंघोळीला जातो आणि पांढऱ्या सैन्याच्या हाती सापडतो. त्याच कागदपत्रांमुळे त्याला आपल्यातला समजून मानाने वागवले जाते. त्याच्या गाफीलपणामुळे पकडला गेलेला वडीलधारा सहकारी चुबुक त्याला शत्रूच्या अधिकाऱ्यांत वावरताना पाहतो, त्याला फितूर समजतो आणि त्याच समजुतीने मृत्यूला सामोरा जातो. बोरीसला खुलासा करता येत नाही. पोहण्याचा मोह हा शाळकरी मुलाचा अपराध. वर्गात त्याला छडी पडली असती, येथे त्याची किंमत दुसरा माणूस प्राणाने मोजतो. युद्धाच्या शाळेत चूक सुधारण्याची सोय नसते, ही जाणीव शीर्षकाच्या आशावादाला आतून पोखरते. कादंबरी बोरीसला पुन्हा पक्षाच्या आणि साथीदारांच्या विश्वासात घेते खरी. पण चुबुकचा गैरसमज दूर करण्याचे सामर्थ्य कोणत्याही संघटनेत नाही.

कतायेव यांची कृती दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीची. अनाथ वान्या सोल्न्त्सेव तोफखान्याच्या टेहळ्यांना जंगलात सापडतो, तेव्हा त्याच्या पिशवीत एक जीर्ण अंकलिपी असते आणि स्वसंरक्षणासाठी धार लावलेला खिळा. शिक्षण आणि हिंसा यांचे हे सहअस्तित्व पुढे एका विलक्षण प्रसंगात फलद्रूप होते. टेहळणीला गेलेला वान्या अंकलिपीच्या पानांवरच शत्रूच्या ठाण्यांचे नकाशे काढू लागतो आणि त्या पुस्तकासह पकडला जातो. अक्षरे शिकण्याचे साधन हेरगिरीचा पुरावा ठरते.

मात्र या प्रतिमेतील भय कतायेव फार काळ टिकू देत नाहीत. वान्याला पिछाडीस पोचवण्याचे काम बिदेन्को या टेहळ्यावर येते आणि मुलगा त्याच्या हातावर तुरी देऊन निसटतो. हे प्रकरण निखळ विनोदी आहे, आणि त्याचे कार्य गंभीर आहे. वाचक हसतो तो पळणाऱ्या मुलाच्या बाजूने. म्हणजेच त्याची सहानुभूती मुलाच्या सुरक्षिततेविरुद्ध उभी केली जाते. युद्धात स्वतःचे कुटुंब गमावलेला कॅप्टन येनाकियेव वान्याला मुलगा मानतो. अखेरच्या लढाईपूर्वी निरोप्या म्हणून त्याला दूर धाडून त्याचा जीव वाचवतो, आणि त्याला उत्तम अधिकारी करावे अशी इच्छा लिहून ठेवतो. वान्या सुवोरोव लष्करी शाळेत दाखल होतो. या शाळा १९४३ मध्ये, मुख्यतः युद्धात पालक गमावलेल्या मुलांसाठी, स्थापन झाल्या होत्या. अशा रीतीने कादंबरीचा शेवट आणि शासनाचे धोरण एकमेकांत मिसळतात. मेलेल्या पित्याची जागा रेजिमेंट घेते, रेजिमेंटची जागा राज्यसंस्था. मूल रणांगणातून बाहेर येते ते गणवेश उतरवण्यासाठी नव्हे. १९४६ मध्ये या कृतीला स्टालिन पारितोषिक मिळाले, यात म्हणूनच नवल नाही.

‘इवान’मध्ये हीच शाळा पुन्हा समोर येते आणि यावेळी मुलगा तिला नकार देतो. बारा वर्षांचा इवान शत्रूप्रदेशातून नदी पोहून येतो. जवळच्या बिया, धान्याचे दाणे आणि सूचिपर्णी वृक्षाची पाने वेगवेगळी मांडून मोजतो आणि त्यावरून अहवाल लिहितो. मणी मोजून बेरीज शिकणाऱ्या वयातले हे अंकगणित सैन्याची मोजदाद करते. सुवोरोव शाळेत धाडण्याचा बेत होताच तो पळून जातो. वान्याच्या पलायनात खोडकरपणा होता. इवानच्या पलायनात सूडाखेरीज काही उरलेले नाही. त्याच्याविषयी वडीलधाऱ्या अधिकाऱ्यांना वाटणारी माया खरी आहे, पण त्याने आणलेली माहितीही त्यांना हवी आहे. त्याला पुन्हा शत्रूच्या तीरावर सोडणारी माणसे दुष्ट नाहीत, आणि कृतीची नैतिक अस्वस्थता नेमकी येथे आहे.

निवेदक गाल्त्सेव हा स्वतःच कोवळा अधिकारी. इवानचा शेवट त्याला दिसत नाही; युद्ध संपताना बर्लिनमध्ये हाती आलेल्या जर्मन कागदपत्रांत तो वाचायला मिळतो. मुलाला डिसेंबर १९४३ मध्ये पकडले, गोळी घातली. पकडून देणाऱ्यास शंभर मार्क दिले. अंकलिपीपासून सुरू झालेला लेखनाचा प्रवास येथे एका कार्यालयीन टिपणात संपतो. निवेदनाने भाष्य करण्याचे नाकारल्यामुळे त्या टिपणाची भाषा असह्य होते. आंद्रेई तार्कोव्स्की यांनी १९६२ च्या चित्रपटात इवानला स्वप्ने दिली. त्यामुळे हरवलेले बालपण दृश्य झाले; मूळ संहितेचा कोरडेपणा मात्र निराळ्या जातीचा आहे.

या तीन कृतींतून सोव्हिएत साहित्य ‘भाबडेपणाकडून वास्तवाकडे’ गेले असा सरळ आलेख काढणे सोयीचे, पण चुकीचे ठरेल. सर्वांत आधीच्या गायदारांना चुबुकचा मृत्यू ठाऊक होता. विजयाच्या वर्षातील कतायेवांनी ती जाणीव झाकली. स्टालिनोत्तर काळातील बोगोमोलोवांनी ती पुन्हा उघड केली. बालकादंबरी मुलाला एक वचन देत असते : जे घडले त्यातून तू काही शिकशील आणि मोठा होशील. युद्ध त्या वचनातील दुसरा भाग केव्हाही रद्द करू शकते. ‘रेजिमेंटचा मुलगा’ ते वचन राज्यसंस्थेच्या हमीवर पाळते, ‘शाळा’ ते अपराधाच्या ओझ्यासह पाळते, आणि ‘इवान’ ते पाळता आले नाही याची नोंद ठेवते. बालवाचकाला फसवायचे नसेल, तर या तिसऱ्या शक्यतेलाही बालसाहित्याच्या विचारात जागा द्यावी लागेल.