मजुमदारांच्या वाड्यातील साधना

सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनाचा मांडव २७ डिसेंबर १९०७ रोजी जोडाफेक आणि खुर्च्यांच्या मारामारीत उधळला गेला. १५ जानेवारी १९०८ रोजी जहाल पक्षाचे बंगाली पुढारी अरविंद घोष गिरगावात राष्ट्रीय शिक्षणावर व्याख्यान देताना आढळतात. या दोन तारखांमध्ये तीन आठवड्यांहून कमी अवधी आहे. तेवढ्यात ते बडोद्यास गेले, सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावरील एका खोलीत विष्णू भास्कर लेले या मराठी योग्यासमोर बसले, आणि तेथून पुण्यामार्गे मुंबईस आले.

प्राणायाम, ध्यान, शक्तिजागृती हे गुरूवाचून करू नये, असे आपल्याकडे घरोघरी सांगतात. पण गुरू नेमके काय करतो, शिष्याला कशापासून वाचवतो आणि कुठे थांबतो, हे लिहून ठेवण्याची चाल नाही. दीक्षेची गोष्ट चार भिंतींत राहते. अरविंदांच्या बाबतीत मात्र बरेच कागद उरले आहेत. शिवाय त्यांनी दोन पद्धतींनी अभ्यास केला, आधी जवळजवळ एकट्याने आणि नंतर गुरूला समोर बसवून. त्यामुळे दोन्हींची तुलना एकाच माणसाच्या आयुष्यात करता येते.

हे कागद पाच तऱ्हांचे आहेत. पत्नी मृणालिनीदेवी यांना लिहिलेली आणि पुढे अलीपूर बाँब खटल्यात पुरावा म्हणून दाखल झालेली बंगाली पत्रे. १९०८ मधील छापील व्याख्याने. १९३० नंतर शिष्यांना लिहिलेली उत्तरे आणि चरित्रकारांच्या मजकुरावर अरविंदांनी स्वतः केलेल्या दुरुस्त्या. अंबालाल पुराणी आणि नीरदबरन यांनी टिपून ठेवलेली संभाषणे. आणि धाकटे बंधू बारींद्रकुमार यांच्या आठवणी. यांपैकी पहिल्या दोन तऱ्हांचे कागद प्रत्यक्ष त्या काळातले आहेत. उरलेले पंधरा ते चाळीस वर्षांनंतरचे. यांत लेल्यांच्या हातचे काहीच नाही. ते आपल्याला भेटतात ते शिष्याच्या नजरेतून. ही मर्यादा लक्षात ठेवूनच पुढे जायचे आहे.

बडोद्याचा पहिला अभ्यास

अरविंद १८९३ साली विलायतेहून परतले आणि सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत रुजू झाले. बडोद्यातली त्यांची जवळची माणसे मराठी होती: खासेराव आणि माधवराव जाधव हे बंधू, आणि केंब्रिजपासूनचे स्नेही केशवराव गणेश देशपांडे. अरविंदांची राजकारणावरची पहिली लेखमाला देशपांड्यांनीच 'इंदुप्रकाश'मध्ये छापली होती. देशपांडे स्वतः योगाभ्यास करीत आणि अरविंदांनीही तो करावा असा आग्रह धरीत. अरविंदांनी तो आधी नाकारला. योग म्हणजे संसार आणि कर्म सोडणे अशी त्यांची समजूत होती, आणि त्यांना तर देशाचे काम करायचे होते. पुढे त्याच कामासाठी बळ हवे म्हणून ते योगाकडे वळले.

प्राणायाम त्यांना शिकवला देवधर नावाच्या एका इंजिनिअरने. देवधर हे नर्मदाकाठच्या चांदोदजवळील गंगनाथ येथील स्वामी ब्रह्मानंदांचे शिष्य. म्हणजे परंपरा होती, कृतीही नीट शिकवलेली होती. पण रोजच्या अभ्यासावर लक्ष ठेवणारे कोणी नव्हते. ब्रह्मानंद चांदोदला आणि शिष्याचा शिष्य बडोद्याच्या कॉलेजात, अशी ती मांडणी होती.

सुरुवात कधी झाली? अरविंदांच्या उत्तरायुष्यातील नोंदी १९०४ सांगतात. पण ३० ऑगस्ट १९०५ च्या पत्रात ते पत्नीला लिहितात, की धर्माने सांगितलेले नियम आपण पाळू लागलो आहोत आणि त्यांतली काही चिन्हे खरी असल्याची प्रचीती एका महिन्यातच आली आहे. ही दोन विधाने परस्परविरोधी असलीच पाहिजेत असे नाही. प्राणायाम आधी सुरू होऊन नियमांचे काटेकोर पालन नंतर सुरू झाले असू शकते. तरी दोहोंत निवड करायची झाल्यास, घटना घडत असताना लिहिलेल्या पत्राला अधिक वजन द्यावे लागेल.

अभ्यासाचे प्रमाण मात्र स्पष्ट आहे. ते रोज पाच-सहा तास प्राणायाम करीत, सकाळी अधिक आणि संध्याकाळी कमी. फळही दिसत होते. प्रकृती सुधारली, कांती उजळली, डोक्याभोवती विजेसारखी शक्ती जाणवू लागली. कविता एरवी दिवसाला मोजक्या ओळींनी पुढे सरके, ती अर्ध्या तासात शेकड्यांनी उतरू लागली. मांसाहार सुटला. एवढे झाल्यावर गाडी अडली, कारण पुढची पायरी दाखवणारे कोणी नव्हते.

१९०६ साली ते कलकत्त्यास गेले. राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद आणि 'वंदे मातरम्' या पत्रातील लेखन, दोन्ही त्याच ऑगस्टात अंगावर आले. पाच-सहा तास कुठून काढायचे? प्राणायाम अनियमित झाला. त्या वर्षाच्या उत्तरार्धात ते बराच काळ आजारी होते आणि पुढे हवापालटासाठी देवघरला राहिले. नियमित प्राणायाम मोडल्यामुळेच हे दुखणे आले आणि त्यात जीवावर बेतले होते, असे त्यांनी पुढे स्वतः सांगितले. इतिहासलेखकाला हे जसेच्या तसे मान्य करता येणार नाही. कलकत्त्यात तापाला निमित्त लागत नसे, आणि अतिश्रम तर होतेच. पण साधकाने स्वतः दुखण्याचा संबंध कशाशी जोडला, ही नोंद म्हणून ते महत्त्वाचे आहे. पुढे शिष्य प्राणायामाविषयी विचारीत तेव्हा ते सावध उत्तर देत: आपल्या योगात त्याची गरज नाही, आणि जाणत्याच्या देखरेखीवाचून तो केल्यास त्रास होऊ शकतो. या सावधगिरीमागे १९०६ चा अनुभव असणार, असे मानायला जागा आहे.

वरची खोली

लेल्यांचा शोध बारींद्रला लागला होता. क्रांतिकार्याला आशीर्वाद देणारा साधू शोधत तो पश्चिम हिंदुस्थानात फिरला होता. सुरतेनंतर लेल्यांना ग्वाल्हेरला तार गेली आणि ते बडोद्यास आले. पहिली भेट खासेराव जाधवांच्या घरी झाली. मला योग हवा आहे, पण संन्यासासाठी नव्हे, कामासाठी, असे अरविंदांनी सांगितले. तुम्ही कवी आहात, तुम्हाला सोपे जाईल, असे लेले म्हणाल्याचे संभाषणांत येते. लेल्यांची अट एकच होती: काही दिवस राजकारण पूर्ण बंद.

अट सोपी नव्हती. सुरतेनंतर बडोद्याचे तरुण या पुढाऱ्याची गाडी घोडे सोडून स्वतः ओढत होते. म्हणून मजुमदारांच्या वाड्यातली वरची खोली निवडली गेली, जिथे सहजी कोणी पोचणार नाही.

तिथे शिकवले गेले ते अगदी थोडे. श्वासाचे गणित नाही, चक्रांचा नकाशा नाही. बसा आणि पाहा, लेल्यांनी सांगितले. विचार आपले नसतात, ते बाहेरून आत शिरतात. शिरण्याआधीच त्यांना परतवा. अरविंदांनी हे खरे की खोटे याची चर्चा केली नाही. बसले आणि केले. मन निःशब्द झाले. याला किती दिवस लागले? त्यांची लेखी विधाने तीन दिवस म्हणतात, एका ठिकाणी खरे पाहता एकच दिवस म्हणतात. काही आठवणींत मुक्काम याहून लांबतो. सुरत ते गिरगाव हा अवधी, मधला पुण्याचा मुक्काम आणि बडोद्यातील व्याख्याने जमेस धरता, शांती तीन दिवसांत आली आणि सहवास त्यानंतरही चालू राहिला, हा अर्थ साऱ्या विधानांना सामावून घेतो.

जे घडले ते मात्र दोघांनाही अनपेक्षित होते. लेले भक्तिमार्गी, त्यांना शिष्यास सगुणाचा आदेश ऐकवायचा होता. अरविंदांना कार्यासाठी बळ हवे होते. प्रत्यक्षात जग मिथ्या वाटावे अशी निर्गुण अवस्था आली. मुंबईत एका स्नेह्याच्या घरच्या सज्जातून खालची सारी वर्दळ पडद्यावरच्या चित्रासारखी, सावल्यांची हालचाल भासली, असे त्यांनी लिहिले आहे.

धोका असतो तो इथेच. चार दिवसांनी हजारोंसमोर उभा राहायचा माणूस, आणि मनात एकही विचार उठत नाही! एकट्या साधकाने अशा वेळी घाबरून अभ्यास सोडला असता, किंवा व्याख्याने सोडून तीच अवस्था कवटाळली असती. लेले जवळ होते. त्यांनी सांगितले, सभेला नमस्कार करा आणि थांबा. बोलणे मनाहून वेगळ्या ठिकाणाहून येईल. तसे आले, असे अरविंद म्हणतात, आणि पुढचे लिहिणे-बोलणेही तसेच येत गेले. हे शिष्याचे म्हणणे झाले. पण १९ जानेवारी १९०८ रोजी मुंबईत बाँबे नॅशनल युनियनतर्फे दिलेले त्यांचे व्याख्यान छापील स्वरूपात उपलब्ध आहे. राष्ट्रवाद हा ईश्वराकडून आलेला धर्म आहे आणि कार्यकर्ते केवळ त्याच्या हातातील साधने आहेत, हा सूर त्यात सर्वत्र आहे. त्यानंतर नाशिक, धुळे, अमरावती, नागपूर अशी व्याख्याने देत ते कलकत्त्यास परतले. वाड्यात काय घडले हे व्याख्यान सिद्ध करीत नाही. पण त्या अवस्थेत हा माणूस कामाला उभा होता, एवढे दाखवते.

दुसरा समकालीन कागद पत्नीला लिहिलेले १७ फेब्रुवारीचे पत्र. त्याच्या छापील प्रतींवर सन १९०७ आढळते. मजकूर मात्र १९०८ शी जुळतो. ८ जानेवारीला यायचे ठरले होते, पण देवाने नेले तिकडे जावे लागले. मनाची अवस्था पालटली आहे. यापुढे आपण स्वतःच्या इच्छेने चालणारे नाही, कळसूत्री बाहुलीसारखे चालणारे आहोत, असा त्याचा आशय आहे. लेल्यांचे नाव न घेता हे पत्र नंतरच्या आठवणींना मोठा आधार देते.

गुरूची हद्द

मुंबईत निरोप घेताना अरविंदांनी पुढच्या साधनेविषयी विचारले. आपल्या अंतरात उठलेल्या एका मंत्राविषयीही त्यांनी सांगितले. लेले आधी सूचना देऊ लागले, मग थांबले. ज्याने हा मंत्र दिला त्या अंतर्यामीच्या मार्गदर्शकावर पूर्ण विसंबता येईल का, असे त्यांनी विचारले. येईल, असे उत्तर मिळताच, मग माझ्या सूचनांची गरज नाही, असे ते म्हणाले.

अरविंदांनी लेल्यांविषयी नंतर जे लिहिले त्यात खोटी भाबडी भक्ती नाही. विद्या, बुद्धी, कर्तृत्व या कशातही हा माणूस आपल्या बरोबरीचा नव्हता, पण त्याच्यापाशी काही अनुभव आणि तो दुसऱ्यात जागा करण्याची शक्ती होती, असे त्यांचे मत होते. तरीही त्या काळात त्यांनी त्याचे पूर्णपणे ऐकले. गुरू मोठा असावा लागतो या समजुतीला या कागदांतून दुजोरा मिळत नाही. लेल्यांना एकच गोष्ट येत होती. त्यांनी तेवढीच शिकवली आणि तिचे परिणाम दिसेपर्यंत ते जवळ राहिले.

फेब्रुवारीत बारींद्रच्या बोलावण्यावरून लेले कलकत्त्यास आले. सकाळ-संध्याकाळ ध्यान करता का, असे त्यांनी अरविंदांना विचारले. नाही, असे उत्तर आले. ध्यान अखंड चालूच आहे हे अरविंदांनी सांगितले नाही. सैतानाने पछाडले आहे असे समजून लेले पुन्हा सूचना देऊ लागले. अरविंदांनी त्यांचा अवमान केला नाही, पण त्याप्रमाणे वागलेही नाहीत. मुंबईत लेल्यांनीच त्यांना ज्या आतल्या मार्गदर्शकाच्या हवाली केले होते, त्याचा कौल आता वेगळा होता.

कलकत्त्यातील मुरारीपुकुरच्या बागेत, जिथे बारींद्रचा क्रांतिकारी गट राहत होता, लेल्यांनी बारींद्रला आणि त्याच्या साथीदारांना बाँबचा मार्ग सोडण्यास सांगितले, संकट येईल असेही बजावले. ही बारींद्रची आठवण पकडले गेल्यानंतरच्या काळातली आहे, तेव्हा इशाऱ्याच्या शब्दांना पुढे घडलेल्याचा रंग चढला असणे शक्य आहे. घडले ते असे: ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बाँब पडला, २ मे रोजी अरविंद आणि बागेतली मंडळी पकडली गेली. अलीपूर बाँब खटल्यातून ६ मे १९०९ रोजी अरविंद निर्दोष सुटले. बारींद्रला फाशी सुनावली गेली, ती अपिलात काळ्या पाण्यावर आली.

त्या बागेतही गीता, ध्यान आणि गुरू यांची भाषा होतीच. पण बारींद्रला गुरू हवा होता तो आधीच ठरलेल्या बेताला आशीर्वाद देण्यासाठी. अरविंदांनी बडोद्यात आपला बेत काही दिवस बाजूला ठेवला होता, अनपेक्षित अवस्था आली तरी सांगितलेले पुढचे पाऊल टाकले होते, आणि गुरूने सोडल्यावर गुरूला सोडले होते. उरलेल्या कागदांवरून पाहता देखरेख लेल्यांची होती, पण तिचा उपयोग किती होणार हे शिकणारा काय घेऊन आला आहे यावर ठरत होते. देवधरांकडून शिकताना अरविंदांपाशी निष्ठा होती, देखरेख नव्हती. बारींद्रला देखरेख मिळत होती, ती त्याने नाकारली. दोन्ही एकत्र आली ती मजुमदारांच्या वाड्यात, आणि तीही थोड्याच दिवसांसाठी. तेवढी पुरली.