औषध घरी पोचल्यानंतर

वैद्यकाचा इतिहास लिहिणारे बहुधा शोधाच्या दिवसापाशी थांबतात. अमुक साली अमुक द्रव्य सापडले, रोग हटला, असे सांगून ते प्रकरण मिटवतात. परंतु औषध रोग्याच्या मुखापर्यंत जाते कसे, आणि महिनोन्‌महिने नेमाने जात राहते कसे, ह्यालाही इतिहास आहे. कुष्ठरोगाच्या बाबतीत त्याचा मोठा भाग वर्ध्याच्या परिसरात घडला.

श्रोतेहो, मी राहतो त्या भिलाईतील कोहक्याहून वर्धा परके वाटत नाही. १९५६ पर्यंत दुर्ग आणि वर्धा हे जिल्हे एकाच राज्यात होते व राजधानी नागपूर होती. मुंबई-हावडा लोहमार्ग आजही दोहोंना जोडतो. कुष्ठरोगाचे दुखणेही दोहोंकडे जुनेच.

१९३६ साली मनोहर दिवाण ह्यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेला आरंभ केला, तेव्हा हाती उपाय होता तो चालमोग्र्याच्या तेलाचा. हे तेल टोचून घ्यावे लागे. वेदना फार, गुण थोडा. तथापि त्या उपचारात एक गोष्ट आपोआप साधत असे: सुई टोचणारा मनुष्य रोग्यासमोर हजर असे. पुढे डॅप्सोनची स्वस्त गोळी आली आणि रोग्याला घरी राहून बरे होणे शक्य झाले. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. वार्डेकरांनी ह्या गोळीभोवती पद्धत उभारली. घरोघर जाऊन पाहणी करावयाची, लोकांना रोग समजावून सांगावयाचा आणि गावातच औषध द्यावयाचे, अशी ती होती. १९५५ साली सुरू झालेला सरकारी कार्यक्रमही ह्याच वाटेने गेला.

पण गोळी घरी गेली आणि टोचणारा मनुष्य मात्र मागे राहिला. डॅप्सोन वर्षानुवर्षे घ्यावयाचे असे. संसर्गजन्य प्रकारात तर जन्मभर. चट्टा दुखत नाही, खाजत नाही. तो फिकट झाला की गोळीची आठवणही फिकट होते. हीच अडचण मद्रासच्या क्षयरोग केंद्रातही दिसली. तेथील रोगी घरीच औषध घेत होते, आणि रुग्णालयात राहणाऱ्यांइतकेच बरे होत होते. तरीही तेथील डॉ. वॉलेस फॉक्स ह्यांनी १९५८ मध्ये ‘स्वतःच्या हाताने औषध घेणे’ ह्या प्रश्नावर स्वतंत्र लेख लिहिला. अवचित घरी जाऊन गोळ्या मोजणे, लघवी तपासणे, असे उपाय तेथे योजले जात. अशा रोग्याला पुढे ‘डिफॉल्टर’ म्हणू लागले. कर्ज बुडवणाऱ्यालाही आपण हाच शब्द लावतो. फायलीवर असा शेरा मारला की काम संपते, म्हणून आम्हां सरकारी नोकरांना तो फार प्रिय आहे. तो का थांबला, हे मात्र त्या शेऱ्यात कोठेच नसते.

१९६४ साली मलेशियात डॅप्सोनला न जुमानणारे कुष्ठजंतू सिद्ध झाले. एकच औषध, तेही तुटक घेतलेले, ह्याचा हा परिणाम होता. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली, आणि ती प्रथम राबवणाऱ्या भारतीय जिल्ह्यांत वर्धा होता. माझ्या मते औषधांइतकीच तिची मांडणी महत्त्वाची होती. महिन्यातून एकदा रिफॅम्पिसिन कार्यकर्त्यासमोर गिळावयाचे. उरलेल्या दिवसांच्या गोळ्या घरी. पुढे त्या अठ्ठावीस दिवसांच्या पाकिटात येऊ लागल्या. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही रिकामे झालेले घर दिसते.

पाकीट बोलत नाही, ही त्याची उणीव. रिफॅम्पिसिनने लघवी तांबडी होते. आधी सांगितले नाही तर रोगी रक्त समजून घाबरतो. क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. मग जो रोग लपवावयाचा तोच चारचौघांत उघडा पडला असे त्याला वाटते. डॅप्सोनने काहींना रक्तक्षय होतो, क्वचित अंगावर गंभीर पुरळ उठते. तेव्हा डॉक्टरकडे धावले पाहिजे. सर्वांत कठीण प्रसंग वेगळाच. उपचार चालू असताना चट्टे एकाएकी लाल होऊन सुजतात, नसा ठणकतात. गोळीने घात केला असे वाटून रोगी ती फेकून देतो. वस्तुतः त्याने मूळ औषध चालू ठेवून ताबडतोब दवाखाना गाठावयाचा असतो, कारण नस दबून हात-पाय कायमचे लुळे पडण्याचा धोका ह्याच दिवसांत असतो. हे आधी सांगावयाला डॉक्टरला बहुधा सवड नसते.

डिसेंबर २००५ मध्ये देशातील प्रमाण दहा हजारांमागे एकाखाली आले. छत्तीसगड तेव्हा त्या रेषेच्या वरच राहिले. ह्याच राज्यात २००२ पासून पाड्यापाड्यांतून स्त्रिया निवडून ‘मितानिन’ नेमल्या गेल्या, आणि पुढे शहरी वस्त्यांतही त्या आल्या. छत्तीसगडी रीतीत मितान म्हणजे विधिपूर्वक जोडलेला जन्माचा मित्र. अशी मैत्री जातीबाहेरही जोडतात. सरकारी पदाला इतके घरगुती नाव मी अन्यत्र ऐकलेले नाही. ती ओसरीवर बसते, पाकिटातील रिकामी घरे मोजते, लघवीचा रंग विचारते, आणि बोटे उघडझाप करून दाखव म्हणते.