लांबलचक वेबपेजचा एकच स्क्रीनशॉट कसा काढायचा? सेवा केंद्र चालक, शेतकऱ्यांसाठी उपयुक्त माहिती

बुलढाणा : महाडीबीटीचा अर्ज असो की पीक विम्याचा, ऑनलाइन फॉर्मचं पान एका स्क्रीनमध्ये मावत नाही. अर्ज कसा भरायचा हे दुसऱ्याला समजावताना सात-आठ तुकड्यांचे स्क्रीनशॉट पाठवले जातात. त्यांचा क्रम चुकला की समोरचा गोंधळतो आणि एखादा रकाना रिकामाच राहतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे अख्ख्या पानाचं एकच चित्र.

कॉम्प्युटरवर असे करा

फायरफॉक्स : पानावर राइट क्लिक करून 'टेक स्क्रीनशॉट' आणि नंतर 'सेव्ह फुल पेज' निवडा.

एज : कंट्रोल, शिफ्ट आणि एस ही बटणे एकत्र दाबून 'कॅप्चर फुल पेज' घ्या.

क्रोम : कंट्रोल, शिफ्ट, आय दाबा. त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट, पी दाबून इंग्रजीत 'स्क्रीनशॉट' टाइप करा आणि 'कॅप्चर फुल साइज स्क्रीनशॉट' निवडा. वेगळे सॉफ्टवेअर टाकण्याची गरज नाही.

मोबाईलवर

अँड्रॉइड १२ आणि पुढच्या बहुतेक फोनमध्ये स्क्रीनशॉट काढताच 'कॅप्चर मोअर' किंवा खाली सरकवण्याचे चिन्ह दिसते. आयफोनवर सफारीत स्क्रीनशॉट काढून 'फुल पेज' निवडले की पान पीडीएफमध्ये जतन करता येते.

चित्र अर्धवट का येते?

काही पाने खाली सरकवल्यावरच पुढचे फोटो आणि मजकूर उघडतात. म्हणून आधी शेवटपर्यंत जाऊन परत वर यावे, मगच स्क्रीनशॉट घ्यावा. पान फारच लांब असेल तर खालचा भाग कोरा येऊ शकतो. अशा वेळी दोन-तीन भाग करून त्यांना १, २, ३ असे नंबर द्यावेत. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यास अक्षरं पुसट होतात, त्यामुळे 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे.

ही काळजी घ्याच

लांब चित्रात आधार नंबर, बँक खाते, मोबाईल नंबर असं सगळंच येतं. गावच्या ग्रुपवर टाकण्याआधी हे रकाने काळ्या पट्टीने पूर्ण झाका. नुसते धूसर करू नका. माहितीपुस्तिका बनवायची असेल तर खऱ्या शेतकऱ्याची माहिती न वापरता फॉर्म रिकामाच दाखवावा. संकेतस्थळांची रचना बदलत राहते, म्हणून चित्रावर तारीखही टाकावी.

स्क्रीनशॉट म्हणजे दाखला नव्हे

सातबाऱ्याच्या पानाचा फोटो माहितीपुरता चालतो, पण कायदेशीर कामाला डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराच लागतो. अर्जाचंही तसंच आहे. भरलेल्या पानाचं चित्र जवळ असलं, तरी अर्ज क्रमांक असलेली पोचपावती डाउनलोड करून ठेवलीच पाहिजे. कोणत्या रकान्यात काय भरलं होतं, हे स्क्रीनशॉट सांगतो. अर्ज दाखल झाला की नाही, हे मात्र पोचपावतीच सांगते.